मघा आणि आर०३एन०७

आज आमच्या क्लस्टरमधल्या, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या संगणकांच्या समूहातल्या, आर०३एन०७ या नोडवर (एका यंत्रावर) मेमरीतील चुकांचा आकडा वाढताना दिसला, म्हणून तो ड्रेनमध्ये टाकला: चालू जॉब (दिलेली कामे) पूर्ण होतील, नवे मिळणार नाहीत. यंत्रांना कामे वाटून देणारी स्लर्म ही प्रणाली कारण दिल्याशिवाय ड्रेनचा आदेश स्वीकारत नाही, म्हणून ‘मेमरी’ एवढेच लिहिले. पुढे जुन्या यादीत अनुक्रमांक ताडून पाहताना लक्षात आले की ही आपली मघा; यंत्रांना नक्षत्रांची नावे होती, तेव्हाचे हे तिचे नाव. तिला बाजूला काढताना मला काहीच वाटले नव्हते, हेच दिवसभर खुपते आहे.

पूर्वी नुसते नाव ऐकून सांगता येत असे, की चित्राचा पंखा आवाज करतो आणि विशाखा रीबूटनंतर नेटवर्क कार्ड ओळखायला वेळ लावते. लोक मला विचारायला येत. आता रॅक तिसरे, जागा सातवी, हे नावातच लिहिलेले असल्यामुळे कोणी विचारत नाही. मलाही आठवत नाही, आणि त्याचे वाईट वाटावे की नाही, हेही कळत नाही.

१९९० सालच्या आरएफसी ११७८ या इंटरनेटविषयक दस्तऐवजात एखादा विषय धरून यंत्रांना नावे देण्याची शिफारस आहे. पण तो काळ हाताच्या बोटांवर मोजता येणाऱ्या यंत्रांचा होता. आमची नक्षत्रे २७व्या यंत्राला संपली, अभिजितला ओढूनताणून आणले आणि त्यानंतर जे वाद झाले त्यांबद्दल न लिहिणेच बरे. शिवाय नक्षत्रांच्या यादीला कंसातली श्रेणी लावता येत नाही. आर०३एन[०१-१६] असे एकदा लिहिले की अख्खे रॅक एका ओळीत थांबते. रात्री वातानुकूलन बंद पडले तेव्हा या ओळीचे मोल कळले, आणि त्या घाईत एकेका नक्षत्राचे नाव टाइप करत बसलो असतो तर मघेसकट सारीच तापली असती. आकड्याआधीच्या शून्याचा आग्रह मात्र माझा होता, नाहीतर यादीत १ नंतर थेट १० येतो. तेवढे श्रेय मी घेतो.

तरीही लॉगिन नोडला आणि स्टोरेज सर्व्हरला आम्ही खरी नावे ठेवली आहेत, कारण तिथे माणसे येतात. नव्या लॉगिन नोडसाठी आलेल्या सूचनांची लांबलचक यादी पाहता, हे दुखणे माझ्या एकट्याचे नाही.