आमची वाटचाल: ताटल्यांचं मशीन

"ताटल्या विकतोस म्हणे तू?" सांगलीहून आईने फोनवर विचारलं. भावाने तिला फोटो दाखवला होता: पार्कात उभं व्हेंडिंग मशीन आणि काचेआड रंगीबेरंगी डिस्क. मी हो म्हणालो. चूक काय त्यात!

आम्ही राहतो मिशिगनमध्ये, अ‍ॅन आर्बरजवळ. डिस्क गोल्फची ओळख ह्युरॉन नदीकाठच्या हडसन मिल्स पार्कात झाली, २०२० च्या उन्हाळ्यात. सगळं बंद, उघडी फक्त मैदानं. गोल्फसारखाच खेळ, चेंडूऐवजी डिस्क, खड्ड्याऐवजी खांबाला साखळ्या लावलेली बास्केट. एड हेड्रिक नावाच्या गृहस्थांनी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात पहिला कायमचा कोर्स, म्हणजे या खेळाचं मैदान, आखला. ते वारल्यावर त्यांची रक्षा मिसळून डिस्क बनवल्या होत्या! बायकोला हे सांगितलं तर म्हणाली, "तू असलं काही करू नकोस."

धंद्याची कल्पना एका तळ्याने दिली. माझी एकुलती एक पटर, म्हणजे बास्केटजवळून टाकायची डिस्क, त्यात गेली आणि जवळचं दुकान पंचवीस मिनिटांवर. त्या वर्षी दुकानांतही माल मिळेना, इतकी माणसं या खेळाकडे वळली होती. तेव्हाच वाटलं, डिस्क कोर्सवरच मिळायला हवी.

जुनं चिप्सचं मशीन घेतलं. चिप्सचा एक कप्पा सात-आठ सेंटिमीटर रुंद, तर डिस्क किमान २१ सेंटिमीटर. तीन कप्प्यांचा एक केला, दोन्ही कडांना एकेक स्प्रिंग लावली आणि दोन्ही मोटारी एकत्र फिरतील अशी जोडणी केली. डिस्क उभ्या, एकामागे एक. मी गाड्यांच्या सुट्या भागांचा इंजिनिअर, त्यामुळे हे जमेल अशी घमेंड होती. पहिल्याच शनिवारी एका डिस्कची कड पुढचीत अडकली आणि मशीनने गिऱ्हाइकाला पैसे परत केले. डिस्क खाली पडली नाही हे सेन्सरला कळतं म्हणून, नाहीतर शिव्याच मिळाल्या असत्या. शेवटी प्रत्येक डिस्कला पातळ पुठ्ठ्याचं पाकीट घातलं. आजही रविवारी रात्री जेवणाच्या टेबलावर आम्ही दोघं आणि मुलगी पाकिटं चढवत बसतो.

खरी चूक मालात झाली. बहुतेक डिस्कवर चार आकडे असतात, पहिला वेगाचा. मी हौसेने १२-१३ वेगाचे ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकायच्या डिस्क, भरले. ते खपलेही, कारण नवख्याला वाटतं मोठा आकडा म्हणजे लांब फेक. पण हातात तेवढा जोर नसेल तर ती डिस्क उजव्या हाताच्या बॅकहँडवर लगेच डावीकडे वळून झाडीत शिरते. लोक वैतागायचे. मुरलेला खेळाडू तर मशीनकडे बघायचाही नाही. त्याला प्लास्टिक हातात घेऊन दाबून बघायचं असतं, आणि काचेआडून ते कसं होणार? मग ड्रायव्हर काढले, पटर आणि पाच वेगाच्या मिडरेंज, म्हणजे मधल्या अंतराच्या डिस्क, भरल्या. त्यातल्या डिस्क्राफ्टच्या 'बझ' इथल्याच, विक्सममध्ये कंपनी आहे. साध्या प्लास्टिकची डिस्क दहा डॉलरच्या आसपास. सोबत टॉवेल, गोचिडांचा स्प्रे आणि मार्कर.

एका उन्हाळ्यात मशीन भर उन्हात होतं, खालच्या खणातल्या डिस्क वाकल्या. सावलीतली जागा मिळवायला पार्कवाल्यांशी पत्रव्यवहार करण्यात दोन महिने गेले. त्याबद्दल न बोललेलं बरं. डिसेंबरात मशीन आत आणतो. बर्फातही लोक खेळतात, डिस्कला रिबीन बांधून, पण मशीनच्या पडद्याला ती थंडी झेपत नाही.

दुसरं मशीन लावलं तेव्हा मुलीने शेजारी एक पेटी ठेवली: सापडलेल्या डिस्क इथे टाका. खेळाडू डिस्कच्या पोटावर नाव आणि फोन नंबर लिहितात, त्यामुळे मालकाला कळवता येतं. मी कुरकुरलो. हरवलेल्या डिस्कवर तर आपलं चालतं! पण आपली डिस्क न्यायला आलेला माणूस बहुतेकदा मशीनसमोर रेंगाळतो. काही न घेता जातोच असं नाही. हल्ली सगळ्यात आधी मार्करचा खण रिकामा होतो. पुढच्या मोसमात त्याला दोन खण द्यायचे, असं बायकोने वहीत लिहून ठेवलंय.