आठ जीबी रॅमवर लिबरऑफिस बिल्ड केलं, त्या शनिवारची गोष्ट

लातूरला माझं दोन खोल्यांचं ऑफिस आहे, तिथं औसा तालुक्यातली एक पोरगी इंटर्नशिपला येते. तिला लिबरऑफिसच्या, म्हणजे टायपिंग-हिशोबाच्या फुकट ऑफिस सॉफ्टवेअरच्या, कोडमधे मराठीसाठी काम करायचं होतं. त्यासाठी आधी बिल्ड करावं लागतं, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करावा लागतो. मला लई आनंद झाला, कारण ग्रामपंचायतीपासून शाळेपर्यंत मराठी टायपिंगचं काम सगळीकडं चालतं पण त्यामागचा कोड उघडून बघणारं आपल्याकडं कुणी सापडत नाही.

शनिवारी सकाळी आली तेव्हा चेहरा उतरलेला. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर दोनदा गिट क्लोन लावलं, म्हणजे सगळा कोड त्याच्या बदलांच्या इतिहासासकट उतरवायला घेतला, दोन्ही वेळा अर्ध्यात तुटलं, आणि गिट क्लोन तुटलं की परत शून्यापासून. म्हटलं पूर्ण इतिहास कशाला आणायचा, डेप्थ वन देऊन फक्त शेवटची कमिट, म्हणजे कोडचं ताजं रूप, आण. ते झालं. मग बिल्डला लागणाऱ्या लायब्रऱ्या आणणारी बिल्ड-डेप कमांड चालंना, तर उबुंटू लिनक्समधे सोर्स पॅकेजांच्या डेब-एसआरसी ओळी बंद होत्या, त्या चालू केल्या की लायब्रऱ्या आल्या. बिल्डची तयारी करणारं ऑटोजेन बिनबोभाट झालं आणि बाराच्या सुमारास प्रत्यक्ष बिल्ड करणारं मेक लावलं.

हा कोड साधा नाही हो. २०१० ला ओपनऑफिसपासून वेगळा झाला, पण मुळं जातात पार १९८५ च्या जर्मन स्टाररायटरपर्यंत. सुरुवातीला मेक बाहेरच्या लायब्रऱ्यांचे टारबॉल, म्हणजे फाईलींचे गठ्ठे, नेटवरून उतरवत बसतं, मग सी प्लस प्लसच्या हजारो फाईली.

दीड वाजता लॅपटॉप गोठला, माऊस पण हलंना, आणि थोड्या वेळानं बिल्ड एररवर थांबलं. ती म्हणाली, "सर, माझ्या लॅपटॉपनं होणारच नाही वाटूलालंय." तिनं फक्त शेवटची ओळ वाचली होती आणि त्यात नुसतं मेक फेल झालं एवढंच असतं. एकाच वेळी आठ कामं चालू असली की खरी चूक वर कुठंतरी गडप होते. आम्ही दोघं वर वर सरकत गेलो आणि सापडलं, सीसीवनप्लस किल्ड. सीसीवनप्लस म्हणजे सी प्लस प्लसचा कोड मशीनच्या भाषेत आणणारा कंपायलर. म्हणजे कोड बरोबर, तिनं केलेलं सगळं बरोबर, फक्त आठ कंपायलर एकदम चालून आठ जीबी रॅम संपली आणि कर्नलनं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यानं, त्यातला एक मारून टाकला. हे तिला नीट समजावून सांगितलं, कारण अशा जागी पोरं स्वतःलाच कमी समजून सोडून देतात आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

ऑटोजेन डॉट इनपुट या सेटिंगच्या फाईलीत पॅरललिझम, म्हणजे एकाच वेळी चालणारी कामं, दोनवर आणलं, जावा बंद केलं, डीबगचा पर्याय सध्या काढला, रॅम कमी पडली तर डिस्क वापरता यावी म्हणून आठ जीबीची स्वॅप फाईल केली आणि परत मेक. चारला लाईट गेली, राऊटर बंद, ती घाबरली, पण टारबॉल आधीच उतरलेले होते, आता नेट लागतच नव्हतं. बॅटरी उतरायला लागली तसं कंट्रोल सी दाबून मेक थांबवलं, लाईट आल्यावर परत लावलं तर झालेल्या फाईली सोडून पुढून चालू झालं. संध्याकाळी ती एसटीनं गावाला गेली, लॅपटॉप माझ्याकडंच ठेवून. मी ऑफिसातच झोपलो. झोपलो कसला, तासातासाला उठून बघत होतो.

पहाटे पाचला बिल्ड झालं. मी काही उघडलं नाही, तिचं तिनंच बघावं म्हणून. ती नऊला आली, तयार झालेल्या इन्स्टडिर फोल्डरमधून एस-ऑफिस, म्हणजे लिबरऑफिसचा प्रोग्राम, चालवलं, खिडकी उघडली. मग कोडच्या सीयूआय या मॉड्यूलमधली अबाऊट डायलॉगची यूआय फाईल, म्हणजे त्या खिडकीची मांडणी, उघडून एका मजकुराच्या जागी तिनं आपल्या गावाचं नाव टाकलं, मेक सीयूआय केलं. दुसऱ्यांदा काही तास नाही लागले, तेवढंच मॉड्यूल झालं. मदत मेन्यूतून अबाऊट उघडलं तर गावाचं नाव समोर.

तिनं घरी आईला व्हिडिओ कॉल लावून ते दाखवलं. मग ती ओळ परत होती तशी केली आणि आय-अठरा-एन-पूल मॉड्यूलमधली मराठीची लोकेल फाईल, म्हणजे तारखा-आकडे मराठीत कसे दाखवायचे ते लिहिलेली फाईल, उघडून वाचत बसली.