लाल शाईतलं ‘हेही पाहा’

२०१९ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी आमच्या वाचनालयात शिरलं आणि तालिकेच्या, म्हणजे पुस्तकांच्या नोंदींच्या कार्डांच्या, सागवानी कपाटाचे खालचे दोन ड्रॉवर भिजले. कार्डं एकमेकांना चिकटली, मधली सळी गंजली. तेव्हाच कमिटीनं ठरवलं, सगळं ‘कोहा’वर चढवायचं. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयानं १९९९ साली हे सॉफ्टवेअर करून घेतलं आणि जगाला फुकट दिलं. माओरीत कोहा म्हणजे भेट. फुकट म्हटल्यावर कमिटी खूश. भरायचं कुणी, तर मी.

पहिला महिना फाँटनं खाल्ला. दाखल रजिस्टर कुणीतरी पूर्वी एक्सेलमध्ये उतरवलं होतं, पण युनिकोड नसलेल्या फाँटात. माझ्या मशीनवर उघडलं तर इंग्रजी अक्षरांचं नुसतं भडंग. शेवटी रजिस्टर समोर घेऊन पुन्हा टाइप केलं. मान मोडली, बाकी काही नाही.

खरी जुंपली ती गडकऱ्यांवरून. मदतीला आलेला राजारामपुरीतला पोरगा म्हणाला, “ताई, नियम कशाला बघत बसलाय? नाव टाकलं की कोहा शोधतंय की.” आमचे निवृत्त ग्रंथपाल सर रोज पाचला पेपर वाचायला येतात. त्यांनी चष्मा काढला. “राम गणेश गडकरी टाक बघू.” नाटकं आली. “आता त्यांच्या कविता दाखव.” एक नाही! कविता ‘गोविंदाग्रज’ नावावर, विनोदी लेख ‘बाळकराम’ नावावर, आणि माणूस एकच.

सरांनी पुरातून वाचलेला एक ड्रॉवर ओढून तीन कार्डं काढली. प्रत्येकावर तळाला लाल शाईत ‘हेही पाहा’ आणि उरलेली दोन नावं. ए.ए.सी.आर.-२ या ग्रंथनोंदींच्या नियमावलीचा नियमच तसा आहे : लेखक वेगवेगळ्या नावांनी वेगवेगळ्या प्रकारचं लिहीत असेल, तर नावं स्वतंत्र ठेवायची आणि एकावरून दुसऱ्याकडे वाट दाखवायची.

पोरगा तासभर स्क्रीनमध्ये डोकं घालून बसला. मग ओरडला, “सर, लाल शाईची सोय हितं बी हाय!” लेखकाच्या अधिकृत नोंदीत ५०० क्रमांकाचं फील्ड नेमकं तेच काम करतं. फक्त त्यात कुणाचं नाव घालायचं हे माहीत असलेलं माणूस लागतं. ते आमच्याकडे पेपर वाचत बसलं होतं.

तरी सरांचं सगळं मी ऐकलं नाही. पुस्तकाची उंची सेंटिमीटरमध्ये कशाला? इतक्या वर्षांत एकाही सभासदानं ती विचारलेली नाही. मी ते फील्ड मोकळं सोडलं, तर सर दोन दिवस फिरकले नाहीत.

तिसऱ्या दिवशी आले ते वहीचं पान घेऊन. टोपणनावं आणि त्यांच्यापुढे खरी नावं, बत्तीस जोड्या, लाल शाईत. तळाला बारीक अक्षरात : ‘उंचीचं नंतर बघू.’

आतापर्यंत एकोणीस झाल्यात.