तुम्ही विचारलंत म्हणून : जुन्या फोनवरचे गेम सगळे एकसारखे का असायचे?

एके काळी मी बटणांच्या फोनसाठी गेम बनवायचो, हे कळलं की समोरचा माणूस आधी सापाच्या गेमची आठवण काढतो. मग जरा वेळाने तो प्रश्न येतोच. "पण ते सगळे गेम एकसारखेच का असायचे हो? दोन-चार-सहा-आठने हलायचं, पाचने मारायचं, तीन लाइफ, तोच तो मेन्यू. एकाने बनवायचा आणि बाकीच्यांनी ढापायचा, असं चालायचं का?"

ढापाढापी होती, नाही म्हणत नाही. पण सारखेपणा तिच्यामुळे आलेला नव्हता. गेम हा त्या फोनमध्ये पाहुणा होता. बटणं दिलेली होती ती नंबर फिरवायला, पडदा होता तो नाव आणि नंबर वाचायला, स्पीकर होता तो रिंग वाजवायला. पाहुण्याने आल्या घरची मांडामांड बदलायची नसते. जी खुर्ची रिकामी दिसेल तिच्यावर बसायचं. सगळे पाहुणे त्याच खुर्चीवर बसलेले दिसायचे, कारण दुसरी खुर्चीच नव्हती.

पाचच्या बटणाचंच घ्या. बटणांचा फोन हाताशी असेल तर डोळे मिटून अंगठा फिरवा, पाचवर एक बारीक उंचवटा लागेल. तो गेमसाठी ठेवलेला नाही. न बघता नंबर फिरवता यावा, ज्यांना दिसत नाही त्यांनाही फिरवता यावा, म्हणून तो आहे. पण गेम खेळणाऱ्याची नजर पडद्यावर असते, बटणांवर नाही, म्हणजे त्या वेळेपुरता तोही न बघता बटण शोधणाराच. अंगठा पाचवर टेकला की वर दोन, खाली आठ, डावीकडे चार, उजवीकडे सहा. पुढे चार दिशांचं वेगळं बटण आलं, तरी बऱ्याच फोनवर ते इतकं पिटुकलं असायचं की 'वर' दाबायला जावं आणि मधलंच दाबलं जावं. म्हणून आम्ही दोन्ही सोयी ठेवायचो आणि जाणते खेळाडू मुकाट्याने आकड्यांकडेच वळायचे.

हे गेम ज्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिले जायचे त्या मोबाइलच्या जावामध्येही हीच विभागणी पक्की केलेली होती. गेम ज्या चौकटीवर बसायचे तिला एमआयडीपी म्हणत, तिची पहिली आवृत्ती २००० सालची. 'कुठलं बटण दाबलं' असं न विचारता 'वर, खाली, डावं, उजवं की फायर' एवढंच विचारायची सोय तिच्यात होती. कुठल्या फोनवर फायर म्हणजे कुठलं बटण, हे फोन बघून घेणार. शिवाय गेम-ए, बी, सी, डी अशा चार जादा क्रिया होत्या, पण त्या कुठल्या बटणांवर बसवायच्या हे ज्या त्या कंपनीच्या मर्जीवर. नायकाला लाथ आणि ढाल द्यायची हौस मलाही होती. पण लाथ एका फोनवर 'एक'ला आणि दुसऱ्यावर 'सात'ला गेली, तर सूचनांच्या पानावर लिहिणार काय? ती हौस पहिल्याच गेममध्ये फिटली.

याहून मोठी अडचण फारशी कुणाला माहीत नसते. बऱ्याच फोनवर दोन बटणं एकदम दाबता यायची नाहीत. दाबली जायची, फोनला कळायची नाहीत. कीपॅडखाली प्रत्येक बटणाला स्वतंत्र तार नसते, आडव्या-उभ्या रेषांची जाळी असते. आणि त्या जाळीकडे बघणारं सॉफ्टवेअर एका वेळी एकच बटण दाबलं जाणार, असं धरून चालायचं. त्याचंही बरोबरच होतं म्हणा, नंबर फिरवताना दोन बटणं एकदम कोण दाबतं? चार धरून ठेवलं आणि पाच दाबलं, की एखादा फोन चार सोडलं असं समजायचा, दुसरा पाचकडे सरळ काणाडोळा करायचा. म्हणजे पळता पळता गोळी मारणं बंद.

आता जुने गेम आठवून बघा. शर्यतीची गाडी आपोआप पळते, तुम्ही फक्त डावी-उजवी करता. विमान आपोआप गोळ्या झाडतं, तुम्ही फक्त वर-खाली होता. नायकाला पुढे उडी मारायची तर तीनचं बटण, मागे मारायची तर एकचं. तिरक्या उडीला सहा आणि दोन एकदम लागले असते, म्हणून दोघांच्या मधलं तीन. शत्रूसुद्धा अशा जागी उभा करायचा की तुम्ही थांबून, नीट तोंड करून गोळी मारू शकाल. लोकांना वाटायचं गेम सोपा ठेवलाय. सोपा कसला, कीपॅडला झेपेल एवढाच ठेवलाय.

या बाबतीत सापाच्या गेमपुढे मी आजही हात जोडतो. कल्पना जुनीच. १९७६ साली 'ब्लॉकेड' नावाच्या आर्केड मशीनवर अशीच लांबत जाणारी रेष होती. नोकियाच्या ६११० फोनसाठी १९९७ मध्ये तानेली आर्मांटो या इंजिनिअरने तिचा साप केला. पडदा ८४ बाय ४८ ठिपक्यांचा, म्हणजे सगळे मिळून ४,०३२. आज एखाद्या अ‍ॅपच्या चिन्हातसुद्धा याहून जास्त ठिपके असतात. त्या काळचे एलसीडी मंद, हलतं चित्र मागे पुसट शेपूट सोडत जायचं. साप हलताना पडद्यावर किती बदलतं ते मोजा. तोंडापुढे एक चौकोन काळा होतो आणि शेपटीचा एक चौकोन पुसला जातो. मधलं अंग जागच्या जागी. लांबलचक साप सरपटतोय असं वाटतं, पण पावलागणिक रंगकाम दोनच चौकोनांचं. एका वेळी एकच बटण लागतं, तेही धरून ठेवायचं नाही, टिचकी मारून सोडायचं. भिंतीवर आपटलात तर चूक तुमचीच, फोनवर ढकलता येत नाही. पुढच्या आवृत्तीत साप या कडेतून जाऊन त्या कडेतून बाहेर यायला लागला. मला त्यात पहिल्याइतकी धाकधूक कधी वाटली नाही, पण हे माझं मत.

तीन लाइफचा मात्र फोनशी काही संबंध नाही. ते नाणं टाकून खेळायच्या मशीनवरून आलं आणि सवयीने राहिलं.

आता तोच तो मेन्यू. गेम उघडला की पहिला प्रश्न : आवाज हवा का? हो, नाही. चित्र नाही, नाव नाही, आधी हे. कारण हा फोन मीटिंगमध्ये, वर्गात, झोपलेल्या माणसाशेजारी उघडला जाणार. सुरुवातीचं संगीत एकदा वाजलं की वाजलं. आम्ही चार दिवस खपून बनवलेली धून बहुतेकांनी कधी ऐकलीच नाही, त्याचं थोडं वाईट वाटतं.

मग मेन्यू. अर्धवट खेळ असेल तरच सगळ्यात वर 'पुढे चालू', नाहीतर 'नवीन खेळ'. ही वरची ओळ फोन कॉलमुळे आली. कॉल आला की फोन गेमला विचारत बसत नाही, पडदा काढून घेतो. जावा आपल्याला एवढंच कळवतं की तुझा पडदा आता दिसत नाहीये. त्या निरोपावर खेळ लगेच थांबवायचा, आवाज बंद करायचा आणि कॉल संपल्यावर खेळ आपणहून सुरू करायचा नाही. हा शेवटचा भाग नवशिके हटकून विसरायचे. माणूस फोन कानावरून खाली घेतो, कुणाशी तरी काहीतरी बोलून झालेलं असतं, डोकं तिकडेच असतं. त्याने बटण दाबेपर्यंत थांबून राहायचं. लेव्हल दीड-दोन मिनिटांच्या का असायच्या, याचंही उत्तर यातच आहे. मोठी लेव्हल अर्ध्यात तुटली की राग गेमवर निघतो, कॉल करणाऱ्यावर नाही.

पडद्याखालच्या दोन बटणांना सॉफ्ट की म्हणायचे. डावं म्हणजे 'ठीक', उजवं म्हणजे 'मागे', हा संकेत बहुतेकांच्या हाडीमाशी खिळलेला होता. गंमत अशी, की ज्या जावाने फायरचं बटण एवढं जपून दिलं, तिने या दोघांना नावच दिलं नव्हतं. गेम पूर्ण पडदा घेऊन चालवायचा तर बटण दाबल्यावर फोन आतून पाठवतो ते कच्चे आकडे ओळखावे लागायचे, एका कंपनीचे उणे ६ आणि उणे ७, दुसरीचे उणे २१ आणि उणे २२. माझं पहिलं काम तयार गेम वेगवेगळ्या फोनवर बसवायचं, म्हणजे पोर्टिंगचं होतं. टेबलावर हँडसेटचा ढीग आणि भिंतीवर या आकड्यांचा तक्ता. एका रात्री तक्त्यावरून उतरवताना मी डावं-उजवं उलटं लिहिलं. गेम उत्तम चालला. फक्त 'सगळे स्कोअर पुसायचे का?' या प्रश्नावर ज्याने 'नाही' दाबलं, त्याचे पुसले गेले. चाचणी करणाऱ्या मुलीने तीन आठवडे जपलेला तिचा हाय स्कोअर त्यात गेला. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी भिंतीवरचा तक्ता मात्र तिने स्वतःच्या अक्षरात नव्याने लिहून ठेवला होता.

तुम्ही आणखी एक विचारता : शत्रू सगळे एकाच साच्यातले का? हिरवा, मग निळा, मग लाल, आणि लाल जरा जोरात पळतो. याचं उत्तर ६४ केबी. सुरुवातीच्या कितीतरी फोनवर अख्खा गेम एवढ्यात बसवावा लागायचा, कोड, चित्रं, आवाज सगळं धरून. तिथे बाइट कसे जायचे ते सांगतो. प्रत्येक पीएनजी चित्राला, त्यात काहीही काढायच्या आधी, ५७ बाइट ठरलेल्या गोष्टींचे लागतात. ते चित्र जार फाइलमध्ये, म्हणजे अख्खा गेम ज्या एका गाठोड्यात बांधला जायचा त्यात, ठेवलं की नोंदीचे आणखी ७६, आणि फाइलचं नाव दोनदा लिहिलं जातं ते वेगळंच. वीस चित्रं वीस फाइलींत ठेवलीत तर अडीच केबीहून जास्त नुसत्या पाकिटांत गेले. म्हणून सगळी चित्रं एकाच लांब पट्टीत शेजारी-शेजारी चिकटवायची आणि खेळताना हवा तेवढा तुकडा दाखवायचा. रंगांची यादी फाइलमध्ये वेगळी असते. तेवढी बदलली की हिरव्याचा लाल होतो, चित्र तेच. नायकाचं उजवीकडे तोंड करून एकच चित्र, डावीकडे जाताना ते उलटवायचं. आमच्या एका नायकाच्या डोळ्यावर पट्टी होती. तो वळला की पट्टी दुसऱ्या डोळ्यावर जायची. कुणाच्याही लक्षात आलं नाही. फाइलींची नावंसुद्धा ए, बी, सी अशी एकाक्षरी ठेवायची, कारण नावाचेही पैसे मोजावे लागायचे, तेही दुप्पट.

आणि पडद्याच्या वर-खाली ती नक्षीची चौकट असायची ना, दगडी भिंत किंवा वेली? ती सजावट नव्हती. एक फोन १२८ बाय १२८ ठिपक्यांचा, दुसरा १७६ बाय २०८, तिसरा २४० बाय ३२०. खेळाचं मैदान प्रत्येकासाठी नव्याने रंगवायला वेळ कुणाकडे होता? मैदान तेवढंच ठेवायचं आणि उरलेल्या जागेत वेली सोडायच्या.

हल्ली यातले काही गेम लोक कॉम्प्युटरवर एम्युलेटर, म्हणजे जुन्या फोनची नक्कल करणारा प्रोग्रॅम, टाकून खेळतात. मीही माझा एक उघडून बघितला. चौथ्या लेव्हलला एक पहारेकरी आहे. त्याला मारायला थांबावं लागायचं, आणि थांबलं की वरून दगड पडायचा. दगड पडायच्या आत जेमतेम एक गोळी निघायची. ती वेळ जमवायला मी दोन आठवडे घालवले होते. कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर दोन बटणं एकदम चालतात. मी पळत पळत गोळ्या झाडत गेलो आणि पहारेकरी माझ्याकडे वळायच्या आत संपला. दगड पडला तेव्हा मी पुढच्या पडद्यावर होतो.