दुबईहून हार्ड डिस्क आणताना: जळगावातून जाणाऱ्यांसाठी

लग्नाचं 4के शूटिंग साठवायला जागा पुरत नव्हती. दुबईला नातेवाइकांकडे जायचं ठरलंच होतं, म्हणून हार्ड डिस्कही तिथूनच घेतल्या. जळगावात दुबईचं नाव काढलं की लोक सोन्याचा भाव विचारतात. मी दिरहमच्या, म्हणजे तिथल्या चलनाच्या, भावाच्या मागे होतो.

बाजार बुर दुबईत आहे. बुरजुमान मेट्रो स्थानकाला उतरा, खालिद बिन वलीद रस्त्यावर कॉम्प्युटरची दुकानं लागतात. शुक्रवारी दुपार टाळा. लहान पोर्टेबल डिस्क आपल्या गोलाणी मार्केटपेक्षा फार स्वस्त वाटल्या नाहीत, त्यांच्यासाठी एवढी पायपीट नको. मोठ्या साडेतीन इंची डिस्कमध्ये फरक दिसला.

खरी गंमत पैसे देताना. कार्ड लावलं की मशीन विचारतं, रुपयांत की दिरहममध्ये? रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो, पण तो भाव मशीनवाल्यांनी ठरवलेला असतो आणि त्यात त्यांची कमाई धरलेली असते. दुकानदार परस्पर रुपये दाबायला निघाला तर थांबवा. दिरहमच निवडा.

तरी आपली बँक वर मार्कअप, म्हणजे परदेशी चलनातल्या खर्चावरचं जादा शुल्क, लावतेच. बऱ्याच कार्डांवर तो साडेतीन टक्क्यांपर्यंत असतो, आणि मार्कअपवर 18 टक्के जीएसटी. 1500 दिरहमची खरेदी आणि हिशेबाला 24 रुपयांचा भाव धरा: 36,000 रुपयांवर जवळपास 1,490 रुपये जास्तीचे. आता तिथला 5 टक्के व्हॅट पर्यटकाला परत मिळतो म्हणून आपण खूश असतो. तो मिळतो 85 टक्के, त्यातूनही दर पावतीमागे 4.80 दिरहम कापून. 1500 च्या पावतीवर हातात येतात साधारण 56 दिरहम, म्हणजे 1,340 रुपये. व्हॅटचे आले आणि कार्डात गेले! म्हणून निघण्याआधी मार्कअप नसलेलं कार्ड काढा. या सगळ्यात सर्वांत जास्त पैसे त्यानेच वाचतात, दुकानात घासाघीस करून नाही.

दुकान व्हॅट परताव्याच्या योजनेत आहे का, हे आधी विचारा. पावती किमान 250 दिरहमची हवी, पासपोर्ट जवळ हवा. विमानतळावर बॅगा चेक-इन करण्याआधी पडताळणी करून घ्या, कारण माल दाखवायला सांगू शकतात. डिस्क तशाही हातातल्या बॅगेतच ठेवायच्या.

मुंबईत उतरल्यावर कस्टम. शुल्कमुक्त सामानाची मर्यादा 2016 च्या नियमांत 50 हजार होती. हे नियम बदलतात, निघायच्या आठवड्यात ताजा आकडा बघा. नवरा-बायकोची मर्यादा एकत्र करून एका महागड्या वस्तूवर लावता येत नाही. आणि "भाऊ, मना करता बी दोन लई ये" (माझ्यासाठीही दोन घेऊन ये) म्हणणाऱ्यांना गोडीत नाही म्हणा. ही सवलत आपल्या वापराच्या सामानाला आहे, विकायच्या मालाला नाही.

वॉरंटी भारतात चालते का, हे कंपनीच्या संकेतस्थळावर सीरियल नंबर टाकून दुकानातच बघा. त्याच रात्री मुक्कामी डिस्क पूर्ण भरून तपासा. जळगावहून बदलायला कोण जाणार? 4 टीबीची डिस्क विंडोजमध्ये 3.63 दिसते, त्यावरून दुकानदाराशी भांडू नका. अॅडॉप्टरची पिन तिथली चौकोनी असते, आपल्या बोर्डात बसत नाही. कन्व्हर्टर मात्र इथेच घ्या, स्वस्त पडतो.