परतीचा घाट

आमच्या बेळगावच्या घरात १९७०च्या आसपास मे महिन्याची सुट्टी म्हणजे वास्कोचा बायणा किनारा, आणि तिथे पोहोचवणारी मीटरगेजवरची कोळशाची गाडी, हे ठरलेलेच असे. खानापूर मागे पडेपर्यंत आज्जीच्या डब्यातल्या दशम्या निम्म्या संपत आणि लोंढ्याला इंजिन पाणी भरून घेत असताना आम्ही मुले फलाटावर पानांच्या द्रोणातली करवंदे खात उभी राहत असू.

कॅसलरॉकला गाडी बराच वेळ थांबे. १९६१ साली गोवा मुक्त होईपर्यंत हे सरहद्दीवरचे स्थानक होते, हे अण्णा दर वर्षी न चुकता सांगत. मुरगाव बंदर घाटमाथ्याशी जोडण्यासाठी १८८०च्या दशकात पोर्तुगीज सरकारच्या हमीवर एका ब्रिटिश कंपनीने हा मार्ग बांधला. कॅसलरॉक ते कुळे हा सुमारे २६ किलोमीटरचा घाट असून त्याचा सर्वांत तीव्र उतार ३७ फुटांमागे १ फूट इतका आहे. उतरताना इंजिन जवळजवळ मुके असे. ऐकू येई ती ब्रेकची किंकाळी, आणि तापलेल्या लोखंडाचा वास डब्यात भरून राही. मे महिन्यात दूधसागरची धार बारीक झालेली असे, तरी पुलावर गाडी आली की सगळा डबा एका बाजूच्या खिडक्यांवर लोटे.

समुद्राची आठवण मला प्रिय आहेच, पण वाफेच्या इंजिनाची खरी ओळख मला परतीच्या प्रवासात झाली, असे आज वाटते. कुळ्याला गाडीच्या मागे आणखी इंजिन जोडले जाई. हलकासा धक्का बसे, पुढच्या शिटीला मागून उत्तर येई आणि मग दोन्ही इंजिनांचे धापा टाकणे कधी एकाच तालात, कधी एकमेकांच्या आड येत दरीत घुमू लागे. चढ वाढला की ते उच्छ्वास संथ आणि जड होत, इतके की दोन उच्छ्वासांमध्ये गाडी थांबेल अशी भीती मला वाटे. बोगद्याआधी आई खिडक्या लावायला सांगे, तरीही धूर आत येई आणि सकाळच्या समुद्रस्नानाने खारट झालेल्या अंगावर कोळशाची पूड चिकटून बसे. सुट्टी संपल्याचे दुःख आम्हां मुलांना बोलून दाखवता येत नव्हते; त्या चढणीवर इंजिनेच आमच्या वतीने उसासे टाकत आहेत, असे मला वाटत असे.

१९९०च्या दशकात हा मार्ग ब्रॉडगेज झाला. वाफेची इंजिने गेली, पण चढ तोच आहे, त्यामुळे कुळ्याला मागून इंजिने आजही जोडावी लागतात. तो धक्का बसला की मी हातातले पुस्तक मिटून खिडकीशी जाऊन बसतो.