तुमच्या घरात तर असं कोणी नाही, मग?

"तुमना घरमा त आसं कोणी नही, मंग हाई कसाले करतस?" अमळनेरकडच्या एका बचत गटाच्या बैठकीत एका आजींनी अहिराणीत विचारलं. हाच प्रश्न लग्नात, बँकेत, एसटीच्या थांब्यावर मला कितीतरी जणांनी विचारलाय. खरं आहे, माझ्या घरात कुणी स्वमग्न नाही. मी सावद्याजवळच्या एका शेडवर, जिथं केळी खोक्यांत भरली जातात, तिथं हिशेब लिहिते. सुटीच्या दिवशी मात्र गावोगाव जाऊन स्वमग्नतेबद्दल, म्हणजे ऑटिझमबद्दल बोलते. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

सात-आठ वर्षं झाली. भुसावळहून एसटीनं परत येत होते. आमच्याच शेडवर घडापासून केळीच्या फण्या सोडवायला येणारी एक बाई पुढच्या बाकावर होती, सोबत तिचा 14 वर्षांचा मुलगा. मुलगा नेहमी खिडकीशी बसायचा, आज तिथं दुसरं कुणी बसलेलं. त्यानं कान झाकले आणि किंचाळायला लागला. तिनं खिडकीजवळच्या माणसाला समजावलं. मग कंडक्टरला. मग "पोरगं लाडावलंय" म्हणणाऱ्या बाईला. दर वेळी तीच वाक्यं, तोच हळू आवाज, शेवटी "माफ करा". चौथा माणूस म्हणाला, "आमच्याकडं एक भगत आहे, बाहेरचं असेल तर काढतो." ती पुन्हा तोंड उघडणार, एवढ्यात मीच बोलले. तिच्याकडून शेडवर जे ऐकलं होतं तेवढंच सांगितलं: त्याला आवाज आपल्यापेक्षा फार मोठा लागतो, ठरलेली गोष्ट बदलली की तो घाबरतो, हे जन्मापासूनचं आहे, यात बाहेरचं काही नाही. तो माणूस लगेच गप्प झाला. "असं होय," म्हणाला आणि उठून जागाही दिली.

माझी तीच वाक्यं आईनं तीन वेळा सांगितली होती. तिची सबब ठरली, माझी माहिती ठरली. हा फरक माझ्या मनातून गेलाच नाही. आई पोराला सांभाळणार, रोजंदारी करणार, आणि वर गावाला शिकवणारही तीच? तेवढं एक काम तरी दुसऱ्या कुणी उचललं पाहिजे. माझ्या घरात असं कुणी नाही, रात्री मला झोप मिळते, म्हणून तर मी ते उचलू शकते.

मग जळगावच्या एका विशेष शिक्षिकेकडून शिकले. आज आम्ही काही जण आहोत: एक सलूनवाले दादा, एक एसटी वाहक, एक आशाताई. प्रत्येकानं आपापल्या ओळखीच्या जागीच बोलायचं, एवढंच ठरलंय. सलूनवाले दादा अशा मुलांना दुपारी दोन वाजता बोलावतात. दुकान रिकामं असतं, रेडिओ बंद. मशीन आधी बंद अवस्थेत मुलाच्या हातात देतात, मग लांबून चालू करून ऐकवतात. पहिल्या दिवशी केस कापतच नाहीत. हे त्यांनी दुसऱ्या सलूनवाल्याला सांगितलं की तो ऐकतो, मी सांगितलं तर मान डोलावतो.

मी डॉक्टर नाही. कुणाचं मूल बघून "याला तेच आहे" असं मी कधीही म्हणत नाही. आशाताईंबरोबर गेले की एवढंच सांगते: वर्षाचं बाळ नावानं हाक मारल्यावर वळत नसेल, बोट दाखवून काही मागत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, किंवा आलेले शब्द गेले असतील, तर थांबू नका, जिल्हा रुग्णालयात दाखवा. "त्याचा बापही उशिराच बोलला" हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय, की त्यात गेलेली वर्षं आठवून जीव कळवळतो. लसीमुळं होतं का, हेही विचारतात. नाही. 1998 साली इंग्लंडमध्ये तसा एक लेख आला होता, तो 2010 मध्ये त्याच नियतकालिकानं मागे घेतला. आणि आईच्या मायेत काही कमी पडलं म्हणून होतं, असं एके काळी मोठमोठे डॉक्टरसुद्धा म्हणत. तेही खोटं ठरलं. हे मी प्रत्येक बैठकीत मोठ्यानं सांगते, कारण मागच्या रांगेत बसलेल्या एखाद्या आईनं ते ऐकायला हवं असतं.

कागदांचं थोडक्यात. 1995 च्या अपंगत्वाच्या कायद्यात स्वमग्नता नव्हतीच. 2016 च्या कायद्यानं जे 21 प्रकार मानले, त्यात ती आली, आणि आता प्रमाणपत्र मिळतं. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' ही आरोग्यविमा योजना आहे, त्यात 1 लाख रुपयांपर्यंत उपचारखर्चाचं संरक्षण आहे. मूल 18 वर्षांचं झाल्यावर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अर्ज करता येतो. "माझ्यामागं काय?" असं आया विचारतात, त्यांना मी आधी हे सांगते.

तो मुलगा मोठा झाला आणि आमच्याच शेडवर कामाला लागला. त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा करू नका, हे मी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं. सिनेमात दाखवतात तशी आकड्यांची जादू प्रत्येकाकडे नसते. तो इतरांइतक्याच वेगानं खोकी भरतो. "लवकर आटप" म्हटलं तर त्याला कळत नाही काय आटपायचं. "13 किलो झाले की थांब, मग झाकण लाव" म्हटलं की बिनचूक करतो. केळीचा चीक हाताला लागलेला त्याला सहन होत नाही, म्हणून हातमोजे दिले. ट्रकचा हॉर्न वाजतो त्या बाजूपासून लांबची जागा दिली. एवढाच काय तो खर्च.

तरी एकदा चुकलंच. हंगाम ऐन भरात होता आणि कुणालाही न सांगता त्याची जागा बदलली. त्यानं भिंतीवर डोकं आपटून घेतलं. मालक म्हणाले, उद्यापासून आणू नका. मी कायद्यातली कलमं सांगितली, ती त्यांनी ऐकून घेतली आणि विषय संपवला. बारा दिवस तो घरी होता. तेराव्या दिवशी आमचा मुकादम माझ्या टेबलाशी आला. "ताई, त्याला काय झालं होतं ते मला सांगा बरं. मी त्याला काही चुकीचं बोललो का?" मी तासभर सांगत बसले. संध्याकाळी तो स्वतः मालकांकडे गेला, आणि त्या आठवड्यात मुलगा परत आला. त्याच्या जागेवर मुकादमानं रंगानं एक चौकोन आखला. जागा बदलायची झाली तर आदल्या दिवशी त्याला नवा चौकोन नेऊन दाखवतो.

2 एप्रिलला, जागतिक स्वमग्नता जागरूकता दिवशी, शाळांत निळ्या फिती लावतात. मीही बोलावलं की जाते. पण माझं मन शेडवरच असतं.

मागच्या महिन्यात दिल्लीचा एक नवा ड्रायव्हर आला होता. मुलगा पुढं-मागं झुलत खोकं भरत होता. ड्रायव्हर हसून काहीतरी बोलला. मी उठेपर्यंत मुकादमानं त्याला बाजूला घेतलं आणि आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत समजावायला लागला. आई दहा हातांवर बसली होती. तिनं मान वर केली नाही, फण्या सोडवत राहिली.